उत्तर शेजारच्याला, नकार बाईंना

पत्र थोडक्यात: सहा वर्षं माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचं हे पत्र. यंदा त्यांच्याकडे नववीचा 48 मुलांचा वर्ग आला आहे आणि त्या लिहितात, "वर्ग कसला, भिंत आहे." प्रश्न विचारला की सगळ्या माना खाली. हात वर करणारी तीच ती पाच-सहा मुलं. गृहपाठ गाईडमधून उतरवलेला. बाईंनी गाणी लावून पाहिली, शब्दांचे खेळ घेतले, जो बोलेल त्याच्या नावापुढे स्टार काढायला सुरुवात केली, इंग्रजीवाचून पुढे कसं अडेल यावर तळमळून बोलून झालं. तासाला फक्त इंग्रजीच बोलायचं, नाहीतर उभं राहायचं, असा नियमही केला. प्रत्येक गोष्ट आठवडाभर चालली आणि वर्ग पुन्हा ढिम्म. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाबद्दल त्यांनी जाता जाता लिहिलंय: "याला काही विचारलं की उभा राहतो, 'येत नाही' म्हणतो आणि बसतो. गंमत म्हणजे तोच प्रश्न शेजारच्याला विचारला की हा त्याला उत्तर कुजबुजून सांगतो. वर हसतो. मला तर तो चक्क उद्धटपणा वाटतो." पत्राचा शेवट असा: "मी स्वतः वर्गात एकही चूक होऊ देत नाही. रोज तयारी करून जाते. तरी यांना इंग्रजीत रस का वाटत नाही? माझं कुठे चुकतंय?"

प्रिय बाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात मलाही भिंतच दिसली. दुसऱ्या वाचनात त्या कुजबुजणाऱ्या मुलापाशी अडखळले, आणि पुढचं सगळं उत्तर त्याच्यामुळेच सुचलंय.

बघा ना, प्रश्न त्याला कळला होता. उत्तर येत होतं. ते द्यायची हौसही होती, इतकी की स्वतःची पाळी नसताना दिलं. मग अडलं कुठे? सत्तेचाळीस जणांसमोर उभं राहून, मोठ्या आवाजात, एकट्याच्या नावावर चुकण्यापाशी. कुजबुजलेलं उत्तर चुकलं तर नाव शेजाऱ्याचं जातं, बरोबर आलं तर मनातल्या मनात शाबासकी याची. असा सौदा कोण सोडेल? मला त्यात उद्धटपणा दिसत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने केलेला चोख हिशोब दिसतो.

म्हणून तुमच्या प्रश्नातला 'रस' हा शब्द मी जरा बाजूला ठेवते. तुम्ही विचारताय की यांना रस का वाटत नाही. मला विचारावंसं वाटतं की तुमच्या वर्गात तोंड उघडणं किती महाग आहे? गाणी, खेळ, स्टार, भाषण हे सगळं तुम्ही आवड वाढवण्यासाठी केलंत. तोंड उघडण्याचा भाव मात्र होता तिथेच राहिला. 'फक्त इंग्रजी' या नियमाने तर तो आणखी चढला.

भाषेचा तास इतर तासांहून एका बाबतीत वेगळा असतो. गणित चुकलं तर गणित चुकतं. भाषेत चुकलं की माणूसच चुकल्यासारखा दिसतो. आपल्या भाषेत जो मुलगा टोले मारतो, भांडतो, दोन वाक्यांत समोरच्याला निरुत्तर करतो, तोच इंग्रजीत बोलायला उभा राहिला की चार वर्षांच्या पोरासारखा "आय... आय गो..." करत राहतो. त्याला ते दिसतं, आणि इतरांना दिसतंय हेही दिसतं. हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी 1986 साली परभाषेच्या वर्गातली भीती मोजण्यासाठी 33 विधानांची एक प्रश्नावली तयार केली. त्यातलं एक विधान साधारण असं आहे की मी बोललो तर बाकीची मुलं हसतील अशी मला भीती वाटते. आपण 'टंगळमंगळ', 'दुर्लक्ष', 'मख्खपणा' म्हणतो त्यातलं बरंचसं या एका वाक्यात मावतं. हसं होण्यापेक्षा आळशी ठरणं परवडतं, कारण आळशी मुलाला मित्र असतात.

आता थोडं माझंही सांगते. शिकवायला लागले तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता, वर्षभर गप्प असणारा. एके दिवशी काय झालं कोण जाणे, तो आपण होऊन उभा राहिला आणि घरचा कुत्रा हरवला त्याची गोष्ट इंग्रजीत सांगू लागला. फाटक ठोकायचं राहिलं होतं, कुत्रा बाहेर पडला, "ही रन्ड अँड रन्ड..." मी म्हटलं, "रॅन." प्रेमाने म्हटलं हो, हसून. तो म्हणाला, "रॅन." आणि खाली बसला. मला वाटलं, पुढचं आठवतोय. तो आठवत नव्हता, त्याचं बोलून झालं होतं. रन, रॅन, रन मी त्या दिवशी फळ्यावर लिहिलं, सगळ्यांनी वहीत उतरवलं, तास चांगला झाला असं मला वाटलं. तो कुत्रा सापडला की नाही हे आम्हाला कोणालाच कळलं नाही, कारण मी विचारलंच नाही.

वाक्याच्या मध्ये बरोबर रूप सरकवून द्यायची ही सवय आपल्या सगळ्यांनाच असते. लिस्टर आणि रांटा यांनी कॅनडात फ्रेंचमधून शिकणाऱ्या मुलांच्या वर्गांचा अभ्यास केला. 1997 साली तो प्रसिद्ध झाला. शिक्षकांच्या निम्म्याहून जास्त दुरुस्त्या अशाच होत्या, मुलाचं वाक्य स्वतः बरोबर करून म्हणून दाखवण्याच्या. आणि मुलांनी त्या दुरुस्तीला काही प्रतिसाद देण्याचं प्रमाण याच प्रकारात सर्वांत कमी होतं. म्हणजे आपण सर्वांत जास्त वापरतो ते हत्यार सर्वांत बोथट. वर ते बोलण्याचा धागा तोडतं तो वेगळाच.

मग चुका सुधारायच्याच नाहीत का? सुधारायच्या. फक्त बोलण्याची वेळ आणि दुरुस्तीची वेळ वेगळी ठेवायची, आणि वर्गाला ते आधी सांगायचं. "आता दहा मिनिटं मी काहीही दुरुस्त करणार नाही." त्या दहा मिनिटांत हातात एक चिठोरं ठेवा आणि ऐकू आलेली पाच-सहा वाक्यं टिपून घ्या, नावं न लिहिता. शेवटी त्यातली चार फळ्यावर लिहा. त्यात एक अगदी बरोबर वाक्य मुद्दाम मिसळा. आता वर्गाने शोधायचं, यातलं कुठलं ठीक आणि कुठलं दुरुस्त करायचं. चूक कोणाची हे कोणी विचारणार नाही, कारण सगळे बरोबर वाक्य शोधण्यात गुंतलेले असतात. ज्याची चूक असते त्याला ती कळतेच, कान लाल होतात, पण ते फक्त त्याला ठाऊक. एखाद्याला बोलत असतानाच सावरायचं असेल तर उत्तर देऊन टाकू नका, त्याचंच वाक्य चुकीच्या शब्दाच्या अलीकडे थांबवून प्रश्नार्थक म्हणा: "यस्टरडे ही...?" पुष्कळदा योग्य रूप त्याच्याकडेच असतं, फक्त दुसऱ्या खिशात.

दुसरी गोष्ट वाट पाहण्याची. मेरी बड रो या संशोधिकेने 1970च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात असं तिला आढळलं. एक सेकंद! तिथून पुढे एक तर दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. हेच थांबणं तीन सेकंद किंवा त्याहून अधिक केलं तेव्हा उत्तरं लांब झाली, आपण होऊन बोलणारी मुलं वाढली आणि 'माहीत नाही' कमी झालं. तेही स्वतःच्या ओळखीच्या भाषेत. परक्या भाषेत मुलाला आधी प्रश्न समजून घ्यायचा असतो, मग उत्तर आठवायचं, मग शब्द शोधायचे, मग ते उलटसुलट करून नीट लावायचे. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यांचं मध्येच येऊन बसतं. एवढा कारखाना एका सेकंदात चालवा म्हणणं म्हणजे अन्यायच.

पण इथे एक मेख आहे. एखाद्या मुलाला उभं करून, सगळ्या वर्गाच्या नजरा त्याच्यावर असताना पाच सेकंद थांबलात तर ती शिक्षाच. म्हणून आधी प्रश्न सगळ्यांना. मग शांतता. त्या शांततेत प्रत्येकाने वहीत एक ओळ लिहायची, चूक-बरोबर कशीही. मग ती शेजाऱ्याला वाचून दाखवायची. त्यानंतर तुम्ही नाव घ्या. आता जो उभा राहील त्याच्या हातात कागद आहे, आणि ते वाक्य एकदा तोंडातून बाहेर पडून आलेलं आहे. तुमचा कुजबुज्या हे आधीच करत होता, फक्त चोरून. त्याची कुजबुज तुम्ही अधिकृत करून टाका.

'फक्त इंग्रजी'चा नियम मात्र उद्याच मागे घ्या. अगदी जाहीरपणे, "मी केलेला नियम चालला नाही" असं सांगून. मला माहीत आहे, त्यामागचा तुमचा हेतू चांगला होता आणि स्टाफरूममध्ये कोणीतरी नाक मुरडेल. पण मुलांनी त्या नियमातून पळवाट शोधली आहे. इंग्रजी बोलायचं नसेल तर गप्प बसायचं. तुम्हाला इंग्रजी हवं होतं, मिळाली शांतता. त्याऐवजी आपली भाषा कशासाठी आणि इंग्रजी कशासाठी हे ठरवून द्या. काय बोलायचं याचा खल आपल्या भाषेत करा. शेवटचं निघणारं वाक्य इंग्रजीत. मधे अडलं तर अडलेला शब्द आपल्या भाषेतला घालून वाक्य पूर्ण करायची मुभा. "माय ब्रदर इज व्हेरी चिडका" हे वाक्य मला कुठल्याही पाठ केलेल्या निबंधापेक्षा प्रिय आहे, कारण त्यात मुलाला खरंच काहीतरी सांगायचंय आणि आता त्याला तो एक इंग्रजी शब्द हवा आहे. हवा असलेला शब्द डोक्यात राहतो.

भिंतीवर चार-पाच वाक्यं मोठ्या अक्षरात लावून ठेवा, अडल्यावर वापरायची. "हाऊ डू यू से धिस इन इंग्लिश?" "कॅन आय हॅव अ मिनिट?" "कॅन यू से दॅट अगेन?" आणि नुसतं "पास." हो, पास म्हणायची परवानगी प्रत्येकाला, तासाला एकदा, कारण न विचारता. तुम्हाला वाटेल सगळेच पास म्हणतील. पहिले चार दिवस म्हणतील. दार उघडं आहे याची खात्री पटली की माणूस खोलीत बसायला तयार होतो.

आता तुमच्या प्रश्नांबद्दल. म्हणजे वर्गात तुम्ही जे विचारता त्यांबद्दल. पत्रात तुम्ही एक नमुना दिलाय: पेन हातात धरून "व्हॉट इज धिस?" बाई, ते पेन आहे हे सगळ्या वर्गाला दिसतंय, तुम्हालाही. मग ही विचारणा कशाची? परीक्षेची. मुलं हे पक्कं ओळखतात. ज्या प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत असतं, त्याला उत्तर देताना मिळायचं काही नसतं, गमवायचं तेवढं असतं. आयुष्यात असले प्रश्न फक्त शिक्षक आणि पोलीस विचारतात.

याच्या उलट एक करून बघा. मी हे इतक्या वर्गांत केलंय की त्यावर माझा जरा जास्तच जीव आहे. मुलं दोघादोघांत पाठीला पाठ लावून बसतात. एकाच्या हातात साधं चित्र: घर, झाड, झाडाखाली बाक, बाकावर मांजर, घरामागे डोंगर, डोंगरावर सूर्य. दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. पहिल्याने इंग्रजीत सांगायचं, दुसऱ्याने काढायचं. वळून बघायचं नाही. पहिली दोन मिनिटं गोंधळ होतो, "बाई, बाकाला काय म्हणतात?" वगैरे. मग एकदम ऑन, अंडर, बिहाइंड, निअर हे शब्द, जे मुलांनी आजवर गाळलेल्या जागा भरण्यापुरते पाहिलेले असतात, ते कामाला लागतात. कारण आता 'ऑन' आणि 'अंडर' यांत फरक केला नाही तर मांजर बाकाखाली जातं. एका वर्गात ते छपरावर गेलं होतं, आणि सूर्य घराच्या मागे मावळायला टेकला होता. चित्रं शेजारी शेजारी धरली आणि ती दोघं अशी हसली की तास संपल्याची घंटा ऐकू आली नाही. लक्षात घ्या, हसणं चित्रावर होतं. मुलावर कोणी हसलं नाही. ज्याने सांगितलं तो म्हणत होता मी बरोबर सांगितलं, ज्याने काढलं तो म्हणत होता तू 'ऑन द हाऊस' म्हणालास. दोघं भांडत होते, प्रीपोझिशनवरून!

या खेळाला साहित्य म्हणून कागद-पेन्सिल लागते, बाकी काही नाही. तत्त्व एवढंच की एकाकडे माहिती आहे, दुसऱ्याला ती हवी आहे आणि मधे भाषा हाच रस्ता. ते एकदा कळलं की प्रकार तुम्हालाच सुचतील. अर्धं वेळापत्रक याच्याकडे, अर्धं त्याच्याकडे. परिच्छेदाचे तुकडे चौघांत वाटून क्रम लावणं. आणि 48 मुलं हा इथे अडथळा नाही, उलट सोय आहे: चोवीस जोड्या एकदम बोलत असतात तेव्हा कोणाचं कोणाला ऐकू जात नाही, आणि लाजऱ्या मुलाला त्या कलकलाटासारखा आडोसा नाही. आवाज होईल. शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांना आधी सांगून ठेवा.

थोडी भीड चेपली की 4/3/2 करून बघा. हा भाषाशिक्षकांचा जुना प्रयोग आहे. एकच गोष्ट एका जोडीदाराला चार मिनिटांत सांगायची, जोडीदार बदलून तीन मिनिटांत, पुन्हा बदलून दोन मिनिटांत. तुमच्या वर्गाला चार मिनिटं फार होतील, दीड मिनिट, एक मिनिट आणि पाऊण मिनिट असं करा. तिसऱ्या खेपेला जीभ कशी सैल सुटते हे मुलाला स्वतःच कळतं. शिक्षकाने 'छान' म्हणण्यापेक्षा ते कळणं फार मोठं.

इथे तुमच्या दुसऱ्या गृहीतकाकडे येते. आधी आवड निर्माण होईल, मग मुलं शिकतील, असं तुम्ही धरून चाललात. माझा अनुभव बहुतेक वेळा उलटा आहे. थोडं जमलं की आवड येते. पोहण्याची आवड कोणाला काठावर बसून लागत नाही. म्हणून स्टारपेक्षा मला पातळीची काळजी जास्त वाटते. पाठ्यपुस्तक नववीचं, मूल इंग्रजीत कितवीत आहे? एक सोपी तपासणी करा. कुठल्याही उताऱ्यातले शंभर शब्द मोजा आणि मुलाला न कळलेल्या शब्दांखाली रेघ मारायला सांगा. दोन-तीन रेघा असतील तर तो उतारा तो आपला आपण वाचू शकेल. कोणाच्या मदतीशिवाय नीट समजायला शंभरातले साधारण 98 शब्द ओळखीचे लागतात, असं वाचनावरचं संशोधन सांगतं. वीस रेघा असतील तर ते वाचन राहत नाही, दगड फोडणं होतं. गाईड का लागतं त्याचं उत्तर तुम्हाला त्या रेघांत मिळेल. अशा मुलांसाठी पाठ सोडू नका, पण पाठाआधी त्याच विषयावर तुमच्या शब्दांतला आठ ओळींचा सोपा उतारा द्या. तो तुम्हाला लिहावा लागेल. वेळखाऊ काम आहे, पण दर पाठाला एकच.

याच तपासणीत तीन-चार मुलं अशी सापडतील की ती आपल्या भाषेतलं पानही अडखळत वाचतात. त्यांचा प्रश्न इंग्रजीचा नाही. त्यांच्यावर प्रेरणेचे प्रयोग करू नका. पालकांशी एकांतात बोला, वाचन-लेखनातल्या अडचणींची तपासणी करणारे तज्ज्ञ गाठायला सांगा. 'लक्ष देत नाही' असा शिक्का वर्षानुवर्षं घेऊन फिरणारी कितीतरी मुलं प्रत्यक्षात अक्षरांशी झुंजत असतात.

आणि ज्यांना वाटतं की आपल्याला डोकंच नाही, त्यांना एकदा इंग्रजी स्पेलिंगची खरी गोष्ट सांगून टाका. अक्षरं 26, ध्वनी सुमारे 44, तेव्हा ओढाताण होणारच. थ्रू, दो, टफ, कॉफ, चारही शब्दांत ओ-यू-जी-एच आणि चारही ठिकाणी उच्चार निराळा. गुडघ्याच्या 'नी'मधला 'के' एके काळी खरोखर उच्चारला जायचा. 1476 साली इंग्लंडमध्ये छापखाना आला, स्पेलिंगं हळूहळू थिजत गेली आणि उच्चार मात्र पुढे चालत राहिले. मुलांना हे ऐकून किती हायसं वाटतं म्हणून सांगू. वेडेपणा आपल्यात नाही, भाषेत आहे, हे अधिकृतपणे कोणीतरी कबूल केलेलं असतं.

स्टार बंद करा असं मी म्हणत नाही, पण त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. 1973 सालचा एक गाजलेला प्रयोग आहे. चित्रं काढायची मुळात आवड असलेल्या छोट्या मुलांना 'काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल' असं आधी सांगितलं. प्रशस्तिपत्र मिळालं, आणि नंतर मोकळ्या वेळात तीच मुलं पूर्वीपेक्षा कमी चित्रं काढू लागली. तुमच्याकडे स्टार त्या पाच-सहा जणांनाच मिळत असणार, नाही का? म्हणजे उरलेल्या बेचाळीस जणांसाठी तो हरल्याचा रोजचा फलक झाला.

गाणी आणि व्हिडिओंविषयी एवढंच, मुलांना गाणं आवडलं. इंग्रजी आवडलं असं आपण परस्पर धरलं.

'इंग्रजीवाचून पुढे अडेल' हे भाषण मीही खूपदा केलंय. ते खोटं नाही, पण ज्याला आजचा तास कसा काढावा हा प्रश्न आहे त्याला दहा वर्षांनंतरची नोकरी दिसत नाही, आणि भीती दाखवून भीती जात नाही. त्यापेक्षा शाळेतून चार-पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेला एखादा मुलगा किंवा मुलगी बोलवा. फर्डं इंग्रजी बोलणारी नको. अडखळत, व्याकरण मोडत, पण ज्याचं काम अडत नाही असं कोणीतरी. वर्गातल्या मुलाला त्यात स्वतःला पाहता आलं पाहिजे.

आता जरा नाजूक बोलते, रागावू नका. "मी स्वतः वर्गात एकही चूक होऊ देत नाही" हे वाक्य तुम्ही अभिमानाने लिहिलंय, आणि त्यामागे किती मेहनत आहे ते मला कळतं. पण मुलांच्या बाजूने ते वाक्य ऐका. या खोलीत इंग्रजी बोलणारी एकच व्यक्ती आहे आणि ती कधीच चुकत नाही. मग इथे इंग्रजी बोलण्याची अट काय झाली? मला तर वाटून गेलं की तुम्हालाही आतून थोडी धास्ती आहे, कोणी चूक काढेल अशी. बहुतेक इंग्रजी शिक्षकांना असते, मला होती. भीती तोंडाने सांगावी लागत नाही, ती वर्गात पसरते. कधीतरी फळ्यावर लिहिता लिहिता थांबा आणि म्हणा, "याचं स्पेलिंग मला नक्की आठवत नाही, कोणी शब्दकोशात बघतं का?" खरंच आठवत नसेल तेव्हाच म्हणा, नाटक मुलं ओळखतात. एखादा उच्चार आपण वर्षानुवर्षं चुकीचा करत होतो हे सांगा. तुमचा मान कमी होणार नाही. एखाद-दुसरा आगाऊपणा करेल, त्याला करू द्या.

सगळं करूनही काही मुलांना इंग्रजी आवडणार नाही, आणि ते चालेल. कुणाला इतिहास आवडत नाही, कुणाला भूमिती. आपण त्यांच्यावर इतके दुखावत नाही. नावडती भाषा कामापुरती शिकता येते, तेवढ्यावर समाधान मानायला आपण शिकलं पाहिजे. अशा मुलांना निदान निवड द्या: पाच प्रश्नांपैकी कुठलेही तीन, लिहून किंवा बोलून, एकट्याने किंवा जोडीने. आपल्या मर्जीने उचललेलं ओझं जरा हलकं लागतं.

घरी किंवा क्लासमध्ये शिकवणाऱ्यांकडूनही मला अशाच तक्रारी येतात, आणि पालकांकडून तर फारच. त्यांनाही सांगेन की पाहुण्यांसमोर "इंग्रजीत बोलून दाखव" एवढं बंद केलं तरी अर्धं काम होईल.

हे सगळं एकदम करू नका. गाणी-खेळांचं तसंच झालं, दर आठवड्याला नवा उपाय आला आणि मुलं तो ओसरायची वाट पाहत राहिली. पहिल्या आठवड्यात फक्त दोन गोष्टी: नियम मागे घेणं, आणि प्रश्न विचारल्यावर वहीत एक ओळ लिहायला वेळ देणं. दुसऱ्या आठवड्यात दुरुस्तीविना दहा मिनिटं. चित्राचा खेळ तिसऱ्या आठवड्यात, तोवर त्यांना तुमच्यावर थोडा भरवसा बसलेला असेल. काय झालं ते एका वहीत टिपा: आज कोण बोललं, कोण पहिल्यांदा बोललं. बोलण्यात आपल्याच बाकापुरतं बोललेलंही धरा. पाच-सहाचे अकरा झाले तर ते तुम्हाला वर्गात जाणवणार नाही, वहीत दिसेल.

त्या मुलाला मात्र या काळात उभं करू नका. निदान तीन आठवडे. त्याच्या बाकाजवळून जाताना शेजाऱ्याला प्रश्न विचारा आणि जरा रेंगाळा. तो कुजबुजेल. शेजाऱ्याने उत्तर दिलं की दोघांकडे बघून म्हणा, "बरोबर आहे तुमचं," आणि पुढे चालू लागा. 'तुमचं' म्हणायला विसरू नका. चित्राच्या खेळात त्याच्या हातात चित्र द्या, कोरा कागद नको, म्हणजे सांगायचं काम त्याच्याकडे येईल आणि तोंड भिंतीकडे असेल.